टिळक-आगरकरांच्या पुण्यात

आज दुपारी दीडच्या सुमाराला आमच्या मजल्यावर दोन शिक्षिका आल्या होत्या. जवळच्याच एका मराठी शाळेच्या. हातात पिवळी पत्रकं, खांद्याला कापडी पिशवी, डोक्यावरून घेतलेली ओढणी. मे महिना, लिफ्ट बंद, चौथा मजला. समोरच्या काकांनी दार उघडलं आणि त्या दोघींना जे ऐकवलं ते मी शब्दन् शब्द ऐकलं. "शिक्षक ना तुम्ही? दारोदार पोरं मागत फिरायला लाज नाही वाटत? टिळक-आगरकरांच्या पुण्यात ही वेळ आली!" मग इंटरकॉमवरून वॉचमनला झापलं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांची त्यावरच पोस्ट. साबण विकणाऱ्यांना गेटवर अडवता, मग यांना वर कोण सोडतं? खाली अकरा अंगठे.

तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय. इथे निदान आपली माणसं आहेत, शिक्षकाने जिना चढण्यात लाज कसली हे तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.

माझी आई शिक्षिका होती. पेठेतल्या एका अनुदानित शाळेत, पाचवी ते सातवी. ज्यांच्या घरात शिक्षक आहेत त्यांना मे महिना म्हणजे काय ते माहीत आहे. पट, म्हणजे मुलांची संख्या, कमी झाला की तुकडी जाते, तुकडी गेली की माणूस अतिरिक्त ठरतो, आणि अतिरिक्त ठरला की मग कुठल्या तालुक्यात समायोजन होईल ते देव जाणे. म्हणून निकाल लागले की आई शंभर पानी वही घेऊन निघायची. वहीत रकाने आखलेले: नाव, चौथीची शाळा, घराची खूण, आणि शेवटच्या रकान्यात "येते म्हणाली" किंवा नुसती फुली. मी नऊ वर्षांची, छत्री धरायला बरोबर.

पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतलं एक घर मला अजून दिसतं. बाई धुणं टाकून उठली, हात पुसले, आधी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मगच विचारलं, काय काम काढलंत. आईने सांगितलं. बाई म्हणाली, "देते पोरगी. पण मुतारीला दार आहे का तुमच्या?"

आई गप्प झाली. दार होतं, कडी नव्हती.

तर काका, टिळक-आगरकरांच्या पुण्यात काय चालायचं ते ऐका. 1879 चं पुणं घ्या. त्या मे महिन्यात बुधवारवाडा जाळला गेला, विश्रामबागवाड्यालाही आग लागली. गावाच्या शिक्षणाचा सरकारी संसार ज्या वाड्यांत मांडलेला होता त्यांचीच ही गत. त्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतली मास्तरकी सोडतात आणि स्वतःची शाळा काढायची ठरवतात. मग काय करतात? पत्रक काढतात! आम्ही अमुक अमुक मंडळी नवीन वर्षापासून शाळा सुरू करत आहोत. खाली पाच जणांच्या सह्या. प्रत्यक्ष दिवस उजाडला तेव्हा त्या पाचांतले दोघंच हजर, विष्णुशास्त्री आणि टिळक. आगरकर एम.ए.च्या मागे होते, ते पुढच्या वर्षी आले. उरलेले दोघं आलेच नाहीत. (सहीला पाच आणि कामाला दोन हे पाहून आईला तिची स्टाफरूम आठवायची.) जोडीला माधवराव नामजोशी, खटपट्या माणूस, पैसा उभा करणं आणि माणसं जोडणं त्यांनीच करावं. 1880 चा जानेवारी, मोरोबादादांचा वाडा, न्यू इंग्लिश स्कूल. तेव्हा विष्णुशास्त्री तिशीच्या आतले आणि टिळक चोविशीच्या आतले. सरकारी अनुदान नाही, पहिल्या वर्षी टिळकांनी पगारही घेतला नाही.

या शाळेला मुलं लागत नव्हती? वर्षअखेर पट 300 च्या वर गेला आणि पाच वर्षांत हजाराच्या घरात. ही पोरं आभाळातून पडली नव्हती. कुठल्या तरी हजेरीपटावरून नाव कमी होऊनच ती इथे आली असणार. पुण्यात सरकारी हायस्कूल होतं, मिशनची शाळा होती, पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन होतं. या शेवटच्या संस्थेच्या संस्थापकांत वासुदेव बळवंत फडके होते, हो, तेच, बंडवाले. गाव केवढंसं, इंग्रजी शिकायला फी भरू शकणारी घरं मोजकी, आणि त्या घरांवर सगळ्यांचा डोळा. मॅट्रिकला आमचे किती पास झाले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती कोणाच्या शाळेने मारली, यावर तेव्हाही शाळेचं नाव व्हायचं. आत्ताच्या फ्लेक्सवर टॉपरचे फोटो असतात, तेव्हा फोटो नव्हते एवढंच.

आणि काका, टिळकांनी क्लास काढला होता, माहीत आहे का? चक्क क्लास. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून, म्हणजे याच शाळावाल्यांनी पुढे काढलेल्या संस्थेतून, 1890 साली बाहेर पडले तेव्हा पोट होतंच ना! वकिलीच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांना कायदा शिकवायचा खासगी वर्ग त्यांनी चालवला. लातूरला भागीदारीत जिनिंगचा कारखानाही काढला. त्या संस्थेतल्या भांडणाचा एक मुद्दाच हा होता की सभासदांनी बाहेर काम करून पैसे मिळवावेत की नाही. म्हणजे टिळकांच्या पुण्यात मास्तरांच्या बाहेरच्या कमाईवर एवढं रामायण झालं की माणसं कायमची तुटली. गोवऱ्या थापल्यासारखं एक ठोक नाव भिंतीवर लावायचं, "टिळक-आगरकर", आणि त्या नावाने दुसऱ्याची लाज काढायची. ते दोघं शेवटी एकमेकांशी धड बोलतही नव्हते!

त्यांच्याही आधीचे पंतोजी काय सुखात होते? ओसरीवर धूळपाटी, ओनामासिधं, पावकी-निमकी, मोडीचे कित्ते, आणि कमाई म्हणजे पोरामागे येणारा पैसा नाहीतर शिधा. पोर आलं नाही तर मोठ्या पोरांना पाठवून उचलून आणायचं, कारण पोर नाही तर शिधा नाही. आई वही पिशवीत टाकताना म्हणायची, "चला पंतोजी, निघा."

आता कोणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आधीच लिहून टाकते. चिपळूणकर-टिळकांच्या शाळेतली बाकं बहुतेक आमच्याच ब्राह्मण घरांतल्या पोरांनी भरली होती. त्या घरांना इंग्रजीने नोकरी मिळते हे आधीच कळलेलं होतं, तिथे समजूत घालावी लागत नव्हती. मान्य. उंबरे झिजवणं म्हणजे काय ते विचारायचं असेल तर 32 वर्षं मागे जा, 1848 च्या भिडेवाड्यात. जोतीराव आणि सावित्रीबाई. मुलीला शिकवलं तर घर बुडतं असं मानणाऱ्या गावातून एकेक मुलगी बाहेर काढायची, आणि वर रस्त्यात अंगावर शेणमाती झेलायची. 1882 साली शिक्षणाची पाहणी करायला सरकारचं हंटर कमिशन आलं तेव्हा हंटरसाहेब न्यू इंग्लिश स्कूल पाहून भारावून गेले, असं दुसरं पाहिलं नाही म्हणाले. त्याच कमिशनपुढे जोतीरावांनी सांगितलं की वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर पैसा ओतताय, आधी सगळ्यांना प्राथमिक शिक्षण द्या आणि बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. एकच गाव, एकच कमिशन. काकांच्या पुण्यात जोतीराव येत नाहीत, हे सांगायला नकोच.

पंडिता रमाबाईंनी तर मुंबईत 1889 च्या मार्चमध्ये शारदा सदन, विधवांसाठी आणि मुलींसाठीची शाळा, उघडलं तेव्हा पटावर दोन. दोन! मग सदन पुण्याला आलं, मुली वाढल्या, आणि 1893 मध्ये धर्मांतराची ओरड झाल्यावर पालक मुली काढून न्यायला लागले. ओरड सगळी खोटी होती असंही मी म्हणत नाही, त्यावर वेगळं भांडू. पण भरलेला पट डोळ्यांदेखत रिकामा होताना त्या बाईला काय वाटलं असेल, ते मला समजतं. आईच्या वहीत "येते म्हणाली" वर जूनमध्ये फुली पडताना मी बघितलं आहे.

हो, आणि मराठी शाळा म्हणजे सगळ्या देवघरं नाहीत. 2011 च्या पटपडताळणीत, म्हणजे पटावरची मुलं खरंच आहेत का ते मोजलं तेव्हा, काय काय बाहेर आलं ते मी विसरलेले नाही. शिकवणं धड नसेल तर पत्रक वाटून काय होणार, हेही खरं. झालं समाधान?

पण मला चीड कशाची येते सांगू? याच काकांच्या नातवासाठी गेल्या महिन्यात एका क्लासचा माणूस आला होता. टाय घातलेला, टॅबलेट घेऊन. त्याला सोफ्यावर बसवलं, कोल्ड कॉफी दिली. तोही विद्यार्थीच मागायला आला होता ना? दोन वर्षांचे तीन लाख, आणि कॉलेजला हजेरी लावायचीसुद्धा गरज नाही म्हणे, ती ते "बघून घेतात". काकांनी लिफ्टमध्ये कौतुकाने मला माहितीपुस्तिका दाखवली, गुळगुळीत कागदाची. तो आला की करिअर कौन्सिलर आणि या बायका आल्या की भिकारी. या बायका पैसेही मागत नव्हत्या हो. पुस्तकं मोफत, खिचडी मोफत, पोरगं द्या म्हणत होत्या. सप्टेंबरअखेरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं, त्यात आपली जागा राहावी एवढंच. स्वतःच्या नोकरीसाठी फिरतात, असंही ग्रुपवर कोणीतरी लिहिलंय. मग? आई पण स्वतःच्या नोकरीसाठीच फिरायची. त्यात काय पाप आहे?

त्या मुतारीच्या कडीचं सांगायचं राहिलं. आई त्या बाईला म्हणाली, "कडी नाहीये. लावून घेते." शाळेत सांगितलं तर उत्तर मिळालं, सुट्टी संपू दे, अर्ज द्या. मग एका रविवारी ती सुताराला घेऊन गेली. दोन कड्या, आतल्या बाजूने, पैसे तिचे. बाबा हसले होते, म्हणाले, पटासाठी आता सुतारकाम पण का? जूनमध्ये ती मुलगी आली. पहिल्या दिवशी तिची आई बरोबर होती, आधी मुतारीत जाऊन कडी सरकवून बघितली आणि मगच मुलीला वर्गात सोडलं. आठवीत तिचं नाव कमी झालं. लग्न की कामाला लावलं, ते आईला कधी कळलं नाही. वस्तीत जाऊन आली दोनदा, घर बदललं होतं.

एवढं लिहून झाल्यावर राग उतरलाय. काका तसे वाईट नाहीत, मागे माझ्या पडण्याच्या वेळी रिक्षा त्यांनीच आणली होती. उद्या भेटतील तेव्हा चेहरा नीट ठेवेन.

आणि एक सांगते, ते मघाशी मुद्दामच लिहिलं नाही. त्या दोघी आधी माझ्या दाराशी आल्या होत्या. मी सेफ्टी डोअरच्या जाळीतूनच पत्रक घेतलं, "आमच्याकडे आता लहान कोणी नाही" म्हणाले आणि आतलं दार लावून घेतलं. मग काकांचा आवाज चढला तेव्हा मी दाराआड उभी होते. कडीवर हात होता, काढली नाही. दीड वाजला होता, चार मजले चढून आल्या होत्या, आणि मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

पत्रक फ्रिजवर लावलंय. खाली दोन फोन नंबर आहेत. कामवाल्या मावशींची नात यंदा चौथी पास झाली, उद्या त्या आल्या की विचारते.