बारावीनंतरचे परदेशी ‘सेवावर्ष’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

बारावीचा निकाल जवळ आला की सोलापुरातील पालकांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा : मुलांनी पुढच्या शिक्षणाआधी एक वर्ष थांबावे आणि आफ्रिकेत किंवा आग्नेय आशियात स्वयंसेवक म्हणून जावे, तिथे अनाथ मुलांना शिकवायला किंवा रुग्णालयात मदत करायला कोणतीही पात्रता लागत नाही, राहण्याजेवण्याचा खर्च संस्था करते, पर्यटक व्हिसा पुरेसा असतो, परतल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्रामुळे परदेशी विद्यापीठात प्रवेश सोपा होतो, वर्ष वाया जात नाही, आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या गावातील मुलांना हे शोभणारेच आहे. आगाऊ रक्कम आठ दिवसांत भरावी, अशी सूचना शेवटी असते. मी अकरावी-बारावीच्या वर्गांना शिकवते, आणि हा मजकूर दाखवून मुदत ठेव मोडावी का, असे विचारणाऱ्या पालकांमध्ये यंत्रमागावर पाळी करणारेही असतात. त्यांना दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. परदेशात जाऊन सेवा करू नये, असे माझे म्हणणे नाही. या मजकुरात सेवा म्हणून जे सांगितले आहे ते बहुतांशी चुकीचे आहे आणि त्यातील एक भाग लहान मुलांना इजा करणारा आहे, एवढे माझे म्हणणे आहे.

कोटणीसांच्या नावापासून सुरुवात करते, कारण आपल्या गावात या मजकुराला वजन येते ते त्या नावामुळे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस १९३८ मध्ये चीनला निघाले, तेव्हा ते पदवी घेतलेले डॉक्टर होते आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या मार्गावर होते. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनकडून सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली होती. त्या वेळी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. काँग्रेसने लोकांना आवाहन करून निधी उभारला आणि डॉ. मदनमोहनलाल अटल यांच्या नेतृत्वाखाली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. कोटणीस चिनी भाषा शिकले, पथकातील काही सहकारी मायदेशी परतल्यावरही आघाडीवरच राहिले, कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले.

या हकिकतीत बोलावणे तिकडून आले होते आणि नेमके डॉक्टरांसाठी आले होते. जाणाऱ्याच्या हातात त्या कामाचे शिक्षण होते. खर्चासाठी लोकवर्गणी होती, कोणा आईबापांनी संस्थेचे शुल्क भरले नव्हते. आणि मुक्काम आठवड्यांचा नसून वर्षांचा होता. फिरत्या मजकुरात यातील एकही गोष्ट नाही. तिथे कोणी कोणाला बोलावलेले नाही, येणाऱ्याला काय येते हे कोणी विचारत नाही आणि पैसा येणाऱ्याकडूनच घेतला जातो. भैय्या चौकातील स्मारकात मुलांना जरूर न्यावे, परंतु कोटणीसांचे नाव अशा सहलींच्या विक्रीसाठी वापरणे मला सोलापूरकर म्हणून अतिशय दुःखदायक वाटते.

अनाथ मुलांचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्यावर अधिक थांबते. परदेशी पाहुण्यांना दाखवल्या जाणाऱ्या अनाथालयांतील मुले बहुधा अनाथ नसतात. कंबोडियाचे सामाजिक कार्य मंत्रालय आणि युनिसेफ यांनी २०११ मध्ये मांडलेल्या माहितीनुसार त्या देशातील निवासी संस्थांमध्ये राहणाऱ्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते; आणि २००५ ते २०१० या पाच वर्षांत अशा संस्थांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली होती. या वाढीमागे पाहुण्यांचा पैसा होता. पाहुणे मुलांसाठी येतात, देणगी आणि शुल्क देतात, म्हणून मुले हवी असतात. मग खेड्यातील गरीब आईबापांना शहरात चांगली शाळा मिळेल असे सांगून मूल आणले जाते. देणगीदाराला दया यावी म्हणून काही ठिकाणी मुलांना मुद्दाम हलाखीत ठेवले जाते. नेपाळमध्येही अशा संस्था दुर्गम जिल्ह्यांत नव्हे, तर पर्यटक जिथे उतरतात त्या काठमांडूच्या आसपास दाटीने उभ्या राहिल्या. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविषयी कायदा केला, तेव्हा अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी हा त्याच गुलामगिरीचा प्रकार असल्याचे त्या देशाने मान्य केले. आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवा-पर्यटनामुळे मुलांच्या शोषणाचा धोका निर्माण होतो, हे नोंदवले.

संस्था प्रामाणिक असली तरी एक अडचण उरतेच. तीन आठवड्यांसाठी आलेली ताई मुलाला कडेवर घेते, लळा लावते आणि निघून जाते. पुढच्या महिन्यात दुसरी येते. ज्या मुलाचे घर आधीच सुटले आहे त्याला हे पुन्हा पुन्हा सोसावे लागते. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालगृहाला नोंदणी सक्तीची आहे आणि मुलाला तिथे ठेवण्याचा निर्णय बालकल्याण समिती घेते. सोलापुरातील एखाद्या बालगृहात अठरा वर्षांचा अनोळखी परदेशी मुलगा कोणत्याही चौकशीवाचून मुलांबरोबर राहू लागला, तर आपण गप्प बसणार नाही. जे आपल्या मुलांसाठी मान्य नाही, ते कंबोडियातील किंवा नेपाळमधील मुलांसाठी मान्य करण्याचे कारण मला दिसत नाही. अनाथालयात स्वयंसेवा देणारा कार्यक्रम कितीही नामांकित दिसला तरी तो नाकारावा, एवढे मी नि:शंकपणे सांगेन.

पात्रता लागत नाही, हा दावा या क्षेत्राच्या इतिहासाशीही जुळत नाही. ब्रिटनमधील व्हीएसओ ही संस्था १९५८ मध्ये सुरू झाली तीच मुळी शाळा संपवलेल्या अठरा वर्षांच्या मुलांना परदेशी पाठवण्यासाठी. परंतु काही वर्षांतच ती पदवीधरांकडे आणि पुढे प्रशिक्षित, अनुभवी माणसांकडे वळली. अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक कार्यक्रमात १९६१ पासून स्वयंसेवकाला साधारण तीन महिने प्रशिक्षण आणि त्यानंतर दोन वर्षे काम, अशी चौकट आहे. शिकवण्यासाठी आधी भाषा हवी. ज्या विद्यार्थ्याला ख्मेर किंवा स्वाहिली येत नाही, तो तिथल्या पहिलीच्या मुलाला काय शिकवणार? याउलट आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातील, घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारी बारावीची मुलगी विडी कामगारांच्या वस्तीतील पहिलीच्या मुलाला दोन भाषांमधला पूल ओलांडायला मदत करू शकते, आणि ते काम तिच्याइतके चांगले परदेशातून आलेला कोणीही करू शकणार नाही. हे मी परदेशाला पर्याय म्हणून सांगत नाही. नेमके कौशल्य कशाला म्हणतात, ते दिसावे म्हणून सांगते.

रुग्णालयाविषयीचा दावा नीटची तयारी करणाऱ्या मुलांना विशेष आकर्षित करतो, कारण तिथे प्रत्यक्ष इंजेक्शन देण्याची, टाके घालण्याची संधी मिळते असे त्यात सूचित केलेले असते. भारतात नोंदणीवाचून वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्याला राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम, २०१९ अन्वये एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या शासकीय रुग्णालयात बारावीच्या मुलाने सुई हातात घेणे जसे अयोग्य, तसेच ते युगांडातही अयोग्य आहे. तिथला रुग्ण गरीब आहे म्हणून त्याच्यावर हात साफ करून घेता येत नाहीत. अशा काही कार्यक्रमांत बांधकामही करायला सांगतात, त्याविषयी एवढेच म्हणता येईल की गवंडीकाम न आलेल्या मुलांनी रचलेली भिंत पुन्हा बांधावी लागते आणि तिथल्या गवंड्याचा रोज बुडतो.

आता व्हिसा. पर्यटक व्हिसावर सगळीकडे सेवा करता येते, हे सरसकट विधान धोकादायक आहे. ब्रिटनमध्ये पाहुण्याच्या व्हिसावर फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत आणि तेही जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते. त्याहून अधिक काळासाठी प्रायोजक संस्थेचे प्रमाणपत्र आणि वेगळा व्हिसा लागतो. न्यूझीलंडमध्ये शेतावर राहण्याजेवण्याच्या बदल्यात केलेले काम हे कामच मानले जाते आणि त्यासाठी कामाचा व्हिसा लागतो. थायलंडमध्ये विनामोबदला कामालाही परवाना लागतो. नियम मोडल्यावर परत पाठवणी होते, आणि तिची नोंद पुढे त्याच मुलाच्या विद्यार्थी व्हिसाच्या आड येते. ज्या परदेशी शिक्षणासाठी हा खटाटोप करायचा, त्याचीच वाट अशाने अरुंद होते. शिवाय कंबोडिया, लाओस आणि म्यानमारमध्ये खोट्या नोकरीच्या आमिषाने नेलेल्या भारतीय तरुणांना कोंडून ऑनलाइन फसवणुकीचे काम करायला लावल्याचे प्रकार उघड झाले आहेत आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वेळोवेळी सावध केले आहे. नोकरीसाठी माणसे परदेशी पाठवणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. ‘स्वयंसेवक’ म्हणून नेणारा मात्र सहसा त्या चौकटीबाहेर राहतो, त्यामुळे ते संरक्षणही कुटुंबाला मिळत नाही.

खर्च संस्था करते, हे वाक्य पुढील बारीक अक्षरांत टिकत नाही. कार्यक्रम-शुल्क तिथे असते, आणि विमानभाडे, व्हिसा, विमा हे वेगळे असतात. युगांडा, घाना यांसारख्या देशांत जाताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, आणि ते नसताना तिथून परतणाऱ्याला भारतात विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. खरोखर खर्च उचलणारे कार्यक्रम आहेत. जर्मनीत २०११ पासून चालणाऱ्या संघीय स्वयंसेवा योजनेत परदेशी तरुणांनाही जागा मिळते, राहण्याजेवण्याची सोय आणि थोडा हातखर्च मिळतो. पण त्यासाठी जर्मन भाषा यावी लागते. त्याच देशाच्या ‘वेल्टवेर्ट्स’ या कार्यक्रमात २०१३ पासून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा भागांतील विकसनशील देशांच्या १८ ते २८ वयाच्या तरुणांना जर्मनीत बोलावण्याची सोय झाली. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम उमेदवाराकडून कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही, उलट निर्वाहभत्ता देतो. स्वतःच्या खर्चाने जाऊनही प्रामाणिक काम होते, हेही सांगायला हवे : १९२० मध्ये पिएर सेरेसोल यांनी सुरू केलेल्या सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे स्वयंसेवक १९३४ च्या बिहार भूकंपानंतर आपल्याकडे येऊन राबले होते, आणि त्या संस्थेच्या अल्पमुदतीच्या शिबिरांत आजही प्रवासखर्च स्वयंसेवकच करतो. मात्र ती शिबिरे स्वतःला शिबिरेच म्हणवतात.

प्रवेशाविषयीच्या दाव्यात क्रम उलटा सांगितला आहे. हार्वर्ड विद्यापीठ विद्यार्थ्यांना एक वर्ष थांबण्याचा विचार करा असे सुचवते ते प्रवेश मिळाल्यानंतर. प्रिन्स्टनने २००९ मध्ये नऊ महिन्यांचा परदेशी सेवेचा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या पहिल्याच वर्षी भारत यजमान देशांत होता. त्यातही जातात ते आधी निवडले गेलेले विद्यार्थी, आणि त्यांचा खर्च मुख्यतः विद्यापीठ उचलते. म्हणजे तिथे आधी जागा निश्चित होते आणि मग वर्षाची उसंत मिळते. पैसे भरून मिळवलेले प्रमाणपत्र ही जागा मिळवून देते, असे कोणतेही विद्यापीठ म्हणत नाही. आपल्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम करावे लागते. आषाढीला पंढरपुरात वारकऱ्यांसाठी राबलेल्या मुलाने ते काम नीट शब्दांत मांडले, तर माझ्या मते ते त्या प्रमाणपत्राहून अधिक बोलके ठरते.

वर्ष वाया जात नाही, हे प्रत्येकाच्या बाबतीत खरे नाही. नीटला कमाल वयाची अट नाही, त्यामुळे तिथे एक वर्ष थांबता येते. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र लागोपाठच्या दोनच वर्षांत, दोनच वेळा देता येते. बारावीनंतरचे वर्ष परदेशात घालवणाऱ्याची दुसरी संधी बहुधा तिथेच संपते. महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशावेळी शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र सहसा मागितले जाते, ती अडचण किरकोळ आहे.

आठ दिवसांची मुदत ही मुळातच नाकारण्याजोगी आहे, कारण वर उल्लेखिलेल्या जर्मन योजनांत भाषा, मुलाखत आणि व्हिसा यांत महिने जातात. ज्यांना तरीही चौकशी करायची आहे त्यांनी रक्कम भरण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी मागाव्यात : यजमान संस्थेचे नाव, पत्ता आणि त्या देशातील नोंदणी क्रमांक, काम नेमके कोणते आणि ते आजवर कोण करत होते, व्हिसाचा प्रकार आणि त्यावर हे काम चालते असे त्या देशाच्या दूतावासाचे किंवा अधिकृत संकेतस्थळाचे म्हणणे, शुल्कातील किती भाग यजमान संस्थेकडे जातो, आजारपणात किंवा मधूनच परतायचे झाल्यास पैसे कोण आणि किती परत देणार, आणि कामात अठरा वर्षांखालील मुलांशी संबंध येत असेल, तर येणाऱ्या स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी केली जाते का. या शेवटच्या प्रश्नाला ‘गरज नाही’ असे उत्तर आले, तर बाकीची उत्तरे वाचण्याचे कारण राहत नाही.