शेंदेलोणही मीठच असतं, मावशी

मावशीने घरच्या ग्रुपवर टाकलेला तो मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. "पांढरे मीठ म्हणजे विष! सैंधवात सोडियम नसते. बीपीवाल्यांनी हवे तेवढे खावे, आयुर्वेदाने सांगितले आहे." त्याखाली ८४ खनिजं, आयोडीनवाल्या कंपन्यांचा डाव आणि शेवटी बीपीवाल्यांसाठी दिवसभराचा 'सात्त्विक आहार'. मी असले मेसेज न वाचता पुसते. आईने वाचला. ती ७१ वर्षांची, बरीच वर्षं बीपीच्या गोळीवर. डॉक्टरांनी सांगितल्यापासून बिचारी निमूटपणे अळणी आमटी जेवत होती, त्यामुळे तिला हा मेसेज म्हणजे सुटकेचा हुकूमच वाटला. तीन आठवडे ताकात, कोशिंबिरीत, पेरूच्या फोडींवर, सगळीकडे शेंदेलोण, म्हणजे तेच सैंधव. पुढच्या तपासणीत बीपी १७२/९८. डॉक्टरांनी विचारलं, "मीठ वाढलंय का?" आई ठामपणे म्हणाली, "छे हो, मीठ तर मी बंदच केलंय."

ती खोटं बोलत नव्हती, हीच या मेसेजची करामत.

तर सोडियम. सैंधव हे खाणीतून काढलेलं मीठ. त्यात नव्वदावर बरेच टक्के सोडियम क्लोराइडच असतं, पिशवीतल्या पांढऱ्या मिठासारखंच. मिठाच्या वजनात सुमारे ४० टक्के सोडियम असतं, मग ते समुद्राचं असो, पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं गुलाबी असो नाहीतर वासाचं पादेलोण असो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात भाजी, आमटी, लोणचं, पापड सगळं आलं. सैंधवासाठी वेगळी सूट नाही. एवढं मान्य करते, की जाडसर कुटलेलं सैंधव चमच्यात कमी मावतं, म्हणून चमच्यामागे सोडियम थोडं कमी जातं. पण चव लागेपर्यंत माणूस दुसरा चमचा घालतोच, आणि आई तर तिसराही घालत होती.

आता आयुर्वेद. मावशीचा हुकमी एक्का हाच, म्हणून मी चरकसंहिता उघडली. रोज खायला चालणाऱ्या पदार्थांच्या यादीत, मूग आणि आवळ्याच्या पंगतीत, सैंधव खरंच आहे. हे कबूल. पण त्याच ग्रंथाच्या विमानस्थान या भागात, पहिल्याच अध्यायात, तीन गोष्टी अति खाऊ नयेत असं बजावलं आहे: पिप्पली, क्षार आणि लवण. पुढे अति मीठ खाणाऱ्या प्रदेशांची नावंच दिली आहेत. ही माणसं दुधातसुद्धा मीठ घालून खातात, म्हणून त्यांचं मांस-रक्त शिथिल होतं आणि कष्ट सोसवत नाहीत, असं म्हटलं आहे. त्या नावांत बाह्लीक आणि सौराष्ट्रातले लोक आहेत, सौवीर आहेत आणि चक्क 'सैंधव', म्हणजे सिंधुदेशचे लोक आहेत. ज्या मुलखावरून या मिठाला नाव पडलं, तिथल्याच लोकांना चरकाने मिठावरून झापलंय! 'हवे तेवढे खावे' हे वाक्य मेसेज लिहिणाऱ्याने कुठून आणलं, तोच जाणे.

८४ खनिजांवर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. गुलाबी रंग लोहाच्या गंजासारख्या संयुगाचा. पाच ग्रॅम सैंधवातून मीठ वजा केलं तर बाकी सगळं मिळून शे-दोनशे मिलिग्रॅम उरेल. नाचणीची एक भाकरी एकट्या कॅल्शियमचाच तेवढा हिशेब चुकता करते.

आयोडीनचा 'डाव' मात्र चीड आणणारा आहे. आयोडीन कमी पडल्यामुळे होणाऱ्या गलगंडाने सुजलेले गळे आपल्याकडे कंपन्यांनी आणले नव्हते. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही गावांना आयोडीनयुक्त आणि काहींना साधं मीठ पुरवून वर्षानुवर्षं पाहिलं. आयोडीनवाल्या भागात गलगंड घटला. त्यातूनच १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. आईचं वय आता ७१, पण त्याच ग्रुपवर माझी गरोदर मामेबहीणही आहे, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं. सैंधव घ्यायचंच तर आयोडीनयुक्त लिहिलेलं घ्या.

राहिला तो 'सात्त्विक आहार': सकाळी मसाला ओट्स, दुपारी ढोकळा आणि ताक, संध्याकाळी पाकिटातलं सूप. साध्या ओट्समध्ये सोडियम नसल्यात जमा; मसाल्याच्या पुडीत मीठ असतं. पाकीट उलटं करा, मागे सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. ढोकळ्यात मीठ वेगळं आणि सोडा वेगळा: फ्रूट सॉल्टच्या ५ ग्रॅमच्या एका पुडीत साधारण ८०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जिभेला ते खारट लागतही नाही. पापडातला खार त्यातलाच. (हे सगळं ऐकून कोणी लगेच 'लो सोडियम' मीठ आणायला धावू नका. त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या असतील तर ते महागात पडतं. आधी डॉक्टरांना विचारा.)

आईची शेंदेलोणाची बरणी मी फेकलेली नाही. फक्त एक हिशेब केला. घरात आम्ही तिघं, माणशी ५ ग्रॅम, तीस दिवस: ४५० ग्रॅम. आमच्याकडे किलोची पिशवी महिनाभर पुरत नाही, वर ती बरणी वेगळीच, आणि त्यात मावशीचा काही दोष नाही. या एक तारखेला नवी पिशवी फोडली, तेव्हा आईने स्वतःच पेनने तिच्यावर तारीख लिहिली.