कांते नुसता पळत नव्हता: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फ्रान्सचा फुटबॉलपटू एन्गोलो कांते याच्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कांते हा पळणारा गडी, खेळ घडवणारा नव्हे. त्याच्या नावावर ना गोल, ना असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास). २०१८च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये त्याला ५५व्या मिनिटाला बाहेर बसवलं आणि त्यानंतरच फ्रान्सने आणखी दोन गोल केले, म्हणजे त्याच्यावाचून काही अडत नव्हतं. शेवटी पैशामागे सौदीला गेला आणि तिथे जाऊन संपला. आणि त्याचं एवढं कौतुक होतं ते तो साधा आहे, लाजाळू आहे, मिनी कूपरमधून यायचा म्हणून.

या शेवटच्या मुद्द्यावर मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. साधेपणा हा माणसाचा गुण, मिडफिल्डरचा नव्हे. त्या गाडीच्या आणि त्याच्या हसण्याच्या गोष्टी सांगून सांगून लोकांनी त्याचा खेळच झाकून टाकलाय, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. तेव्हा इथून पुढे फक्त मैदानावरचं बोलू.

मॉस्कोची फायनल. तुम्ही सांगितलंत त्यापेक्षाही त्याचा दिवस वाईट होता. २७व्या मिनिटाला त्याने पेरिसिचला पाडलं, पिवळं कार्ड घेतलं, आणि त्याच फ्री किकवरून पेरिसिचने क्रोएशियाला बरोबरी साधून दिली. पोट बिघडलेलं असताना तो उतरला होता, हे नंतर बाहेर आलं. फ्रान्सचे तेव्हाचे प्रशिक्षक देशाँ यांनी त्याला काढून एन्झोन्झीला आणलं तेव्हा २-१ होतं. मग ५९व्या मिनिटाला पोग्बा, ६५व्या मिनिटाला एम्बाप्पे. हे सगळं मान्य. पण एका आजारी संध्याकाळवरून अख्ख्या स्पर्धेचा हिशेब कसा मांडायचा? त्याआधीच्या सहाही सामन्यांत तो पहिल्या अकरांत होता. पेरू, डेन्मार्क, उरुग्वे आणि बेल्जियम या चौघांना फ्रान्सविरुद्ध एकही गोल करता आला नाही. फ्रान्स त्या स्पर्धेत मागे सरकून, वाट बघून खेळत होता. पोग्बाला वर जायची मोकळीक आणि एम्बाप्पेला समोर रिकामं मैदान मिळायचं, कारण त्यांच्या मागची एवढी मोठी जागा एकटा माणूस सांभाळत होता. देशाँ स्वतः त्याच जागेवर खेळलेले, १९९८च्या विजेत्या संघाचे कप्तान. या कामाची किंमत त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता ‘त्याच्यावाचून अडत नव्हतं’ हे तपासायचंच असेल, तर फुटबॉलमध्ये क्वचित मिळतो असा दाखला आपल्यापुढे आहे. २०१४-१५मध्ये लेस्टर हा क्लब इंग्लंडच्या लीगमध्ये १४व्या क्रमांकावर होता. २०१५च्या ऑगस्टमध्ये कांते तिथे गेला आणि त्या मोसमात लेस्टर ८१ गुणांनी चॅम्पियन झालं, दुसऱ्या आलेल्या आर्सेनलच्या दहा गुण पुढे. त्या मोसमात त्याचे टॅकल (पायातून चेंडू काढणं) १७५, इंटरसेप्शन (मधेच पास अडवणं) १५६. २०१६च्या उन्हाळ्यात तो चेल्सीला गेला. व्हार्डी, माहरेझ, श्मायकेल, मॉर्गन, हूथ, ड्रिंकवॉटर, सगळे लेस्टरलाच राहिले. प्रशिक्षक रानिएरीसुद्धा. तरी संघ थेट १२व्या जागेवर घसरला आणि रानिएरींना फेब्रुवारीतच नारळ मिळाला. तिकडे चेल्सी आदल्या वर्षी दहावी होती, ती ९३ गुणांनी पहिली आली.

तुम्ही म्हणाल, चेल्सी जिंकली ती प्रशिक्षक कॉन्तेंच्या ३-४-३ रचनेमुळे, म्हणजे मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन. बरोबर आहे, आर्सेनलकडून ३-० मार खाल्ल्यावर त्यांनी रचना बदलली आणि तिथून मोसमच पालटला. लेस्टरलाही चॅम्पियन्स लीगचा बोजा होता, आदल्या वर्षीचं नशीबही प्रत्येक वेळी साथ देणार नव्हतं. पण जरा विचार करा. ३-४-३मध्ये मध्यभागी दोघेच उरतात. दोन्ही विंगबॅक, म्हणजे कडेचे दोघे, वर गेलेले, हझार्ड आणि पेद्रो पुढे मोकळे. ती रचना उभी राहायला त्या दोघांपैकी एकाला दीड-दोन माणसांचं काम करावं लागतं. कॉन्तेंकडे तो होता. त्या वर्षी खेळाडूंनी आणि पत्रकारांनी, दोघांनीही त्यालाच वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. बचावाचं काम करणाऱ्याला असे मान सहसा मिळत नाहीत.

गोल-असिस्टच्या मुद्द्यावर मात्र मला तुमच्याशी भांडायचंय.

५ मे २०२१. चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, दुसरा सामना, चेल्सी विरुद्ध रियाल माद्रिद. पहिला सामना माद्रिदमध्ये १-१ सुटलेला. २८व्या मिनिटाला कांते मधल्या पट्ट्यातून चेंडू घेऊन निघतो, व्हेर्नरला पास देतो, परत घेतो, आणि हॅव्हर्ट्झला पुढे सोडतो. हॅव्हर्ट्झ रियालचा गोलकीपर कूर्त्वाच्या डोक्यावरून चेंडू उचलतो, तो आडव्या दांड्याला लागून खाली येतो, व्हेर्नर डोक्याने आत ढकलतो. मग ८५वं मिनिट. एका गोलाने रियाल अजूनही सामना जादा वेळेत नेऊ शकतं, सगळे वर आलेत. त्यांच्याच अर्ध्यात कांते चेंडू हिसकावतो आणि पुलिसिककडे सरकवतो. पुलिसिक घाई करत नाही, थांबतो, मग गोलसमोर आडवा देतो आणि माउंट संपवतो. २-० आणि चेल्सी फायनलमध्ये.

दोन्ही गोल कांतेपासून सुरू झाले. पण गोल व्हेर्नर आणि माउंटच्या खात्यावर, असिस्ट हॅव्हर्ट्झ आणि पुलिसिकच्या. तुमच्या हिशेबात त्या रात्री कांतेच्या नावासमोर दोन भोपळे. सामनावीर मात्र तोच होता, त्याआधी माद्रिदमध्येही तोच आणि नंतर २९ मे रोजी पोर्तोतल्या फायनलमध्ये, मँचेस्टर सिटीला १-० हरवलं तेव्हाही तोच.

‘पळणारा’ या शब्दाला माझी हरकत आहे ती याचमुळे. पळणारे पुष्कळ असतात. पुन्हा कधी त्याचा सामना पाहिलात तर चेंडू सोडा आणि फक्त त्याच्याकडे बघा. समोरचा पास देण्याआधीच त्याचं पहिलं पाऊल पडलेलं असतं. तो अंगावर धावून जात नाही. चेंडू घेणाऱ्याचा पहिला स्पर्श जरा लांब पडेल त्या क्षणासाठी तो एक-दोन पावलं राखून उभा असतो, बहुतेक वेळा त्या माणसाच्या नजरेआड, पाठीमागच्या खांद्याकडून. आणि पाय घालतो तोही चेंडू लांब भिरकावून द्यायला नाही. टोचा असा मारतो की चेंडू त्याच्याच पुढच्या मोकळ्या जागेत पडतो. हिसकावणं आणि हल्ल्याची सुरुवात, दोन्ही एकाच हालचालीत. माउंटचा गोल तिथूनच आला.

फ्रान्सचाच आधीचा बचावात्मक मिडफिल्डर माकेलेलेशी त्याची तुलना सगळे करतात, पण मला ती अपुरी वाटते. माकेलेले बचावफळीसमोर ठाण मांडून बसायचा आणि त्यात तो अजोड होता. २००३मध्ये रियालने बेकहॅमला आणलं आणि त्याच उन्हाळ्यात माकेलेलेला चेल्सीला जाऊ दिलं, त्यानंतर तीन मोसम त्यांना लीग जिंकता आली नाही. कांते मात्र बसणारा नव्हेच. चेल्सीचे तेव्हाचे प्रशिक्षक सारींनी २०१८-१९मध्ये जॉर्जिन्योला मागे ठेवून त्याला उजवीकडे, वर खेळवलं तेव्हा इंग्लंडभर ओरड झाली. पण त्या डिसेंबरात, लीगमध्ये तोवर अजिंक्य असलेल्या मँचेस्टर सिटीविरुद्ध हाफटाइमच्या तोंडावर बॉक्समध्ये घुसून पहिला गोल कुणी केला? कांतेने.

त्याच्या मर्यादा मलाही दिसतात. चाळीस मीटरचा मोजून टाकलेला पास त्याच्याकडे नाही, आणि गर्दीत पाठीवर माणूस घेऊन चेंडू वळवणं त्याला पोग्बाइतकं कधी जमलं नाही. २०२१नंतर दुखापतींनी त्याला पार पोखरलं. २०२२-२३मध्ये लीगचे जेमतेम सात सामने, हॅमस्ट्रिंगचं ऑपरेशन, आणि कतारचा वर्ल्ड कप हुकला तो हुकलाच.

सौदीबद्दल: २०२३मध्ये अल-इत्तिहादला तो पैशासाठी गेला असेल, तर गेला. त्या निर्णयाची वकिली मी करणार नाही. पण ‘तिथे जाऊन संपला’ हे तुमचं वाक्य खोडावंच लागेल. दोन वर्षांच्या खंडानंतर देशाँनी त्याला २०२४च्या युरोला बोलावलं. वय ३३. ऑस्ट्रियाविरुद्ध सामनावीर, पुढच्याच सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध पुन्हा सामनावीर. संपलेल्या माणसाला हे जमत नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या प्रतिक्रियेत नाही पण तिच्या मुळाशी आहे. उंची कमी म्हणून मोठ्या क्लबांच्या अकादम्यांनी त्याला घेतलंच नाही. एकोणिसाव्या वर्षापर्यंत तो पॅरिसच्या पश्चिमेला सुरेनच्या छोट्या क्लबात खेळत होता. मग बूलोनची राखीव टीम, जोडीला अकाउंटिंगचा अभ्यास. २०१२-१३ पूर्ण मोसम तिसऱ्या विभागात. पुढे काँ क्लबाबरोबर दुसऱ्या विभागातून वर. म्हणजे २०१४ साली तेवीस वर्षांचा होईपर्यंत फ्रान्सच्या पहिल्या विभागाचा एकही सामना त्याच्या नावावर नव्हता. त्याला नाकारणारे काही अडाणी नव्हते. ते फक्त उंची, ताकद, वेग आणि गोल मोजत होते, आणि तो जे करत होता ते त्यांच्या कागदावर उतरतच नव्हतं. तुम्हीही नेमके तेच रकाने पुढे केलेत.

तुम्ही शेवटी विचारलंय की मग त्याला प्लातिनी आणि झिदानच्या रांगेत बसवणार का. नाही. ती रांगच वेगळी. मी त्याला प्लातिनीच्याच संघातला मिडफिल्डर ज्याँ तिगाना याच्याशेजारी बसवेन. तिगाना मालीतल्या बामाकोत जन्मलेला, कांतेचे आई-वडीलही मालीचेच. तोही चणीने किरकोळ, तोही उशिरा वर आलेला, आधी पोस्टमनची नोकरी केलेला. १९८४च्या युरोच्या सेमीफायनलमध्ये, मार्सेलला पोर्तुगालविरुद्ध २-२ असताना जादा वेळेच्या ११९व्या मिनिटाला प्लातिनीने गोल केला. तो गोल जरूर शोधून बघा, आणि त्याआधी उजवीकडून कोण पळत आलं, दोन तास खेळून झाल्यावर त्याने चेंडू आत कसा दिला, तेही बघा. मग आपण पुढचं बोलू.