सत्तर तास राबून उत्पादकता वाढत नाही

ऑक्टोबर २०२३ मध्ये एका मुलाखतीत इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी असे मत मांडले की भारताची उत्पादकता जगातल्या सर्वांत कमी उत्पादकतांपैकी आहे, आणि म्हणून महायुद्धानंतर जर्मन व जपानी लोकांनी केले तसे आपल्या तरुणांनीही आठवड्याला ७० तास काम करण्याची तयारी ठेवावी. त्याच बोलण्यात त्यांनी सरकारी भ्रष्टाचार आणि नोकरशाहीतील दिरंगाईही कमी व्हायला हवी असे म्हटले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरातून तेवढा भाग गळाला आणि ‘आपण कमी तास राबतो म्हणून मागे आहोत’ एवढाच दावा उरला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे आठवड्याला ९० तास काम करण्याविषयीचे उद्गार बाहेर आले तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. मूर्तींच्या कष्टांविषयी किंवा हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न या दाव्यातल्या हिशेबाचा आहे, कारण उत्पादकता म्हणजे कामाच्या दर तासामागे निघणारे उत्पादन.

आपण कमी तास काम करतो, ही त्यातली पहिली कडीच खोटी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे भारतात काम करणारा माणूस आठवड्याला सरासरी सुमारे ४७ तास काम करतो आणि निम्म्याहून अधिक कामगारांचा आठवडा ४९ तासांच्या पुढे जातो. जर्मनीत रजा आणि अर्धवेळ नोकऱ्या धरून माणशी वर्षाला १३४० तासांच्या आसपास काम होते, म्हणजे ५२ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला जेमतेम २६ तास. राबण्याच्या तासांवर उत्पादकता ठरत असती, तर जर्मनीने आपल्याकडे शिकायला यायला हवे होते.

देशाची सरासरी खाली ओढणारे कारण वेगळे आहे. आपल्याकडचे सुमारे ४६ टक्के कामकरी लोक शेतीत आहेत आणि देशाच्या एकूण मूल्यवर्धनात, म्हणजे वर्षभरात नव्याने निर्माण होणाऱ्या मूल्यात, शेतीचा वाटा सुमारे १८ टक्के आहे. दोन एकर कोरडवाहू जमिनीवर चार माणसे राबत असतील, तर त्यांनी आणखी तीन तास वाढवल्याने जमीन वाढत नाही आणि विहिरीला पाणीही लागत नाही. बंगळुरूच्या किंवा हिंजवडीच्या अभियंत्याने रात्री दहापर्यंत थांबल्याने या सरासरीत फारसा फरक पडणार नाही.

जर्मनीचा दाखला नेमका उलट बाजूने बोलतो. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पश्चिम जर्मनीत सहा दिवसांचा, ४८ तासांचा आठवडा रूढ होता. १९५६च्या कामगार दिनाला तिथल्या कामगार संघटनांनी ‘शनिवारी बाबा माझे’ अशी घोषणा लहान मुलाच्या तोंडी घालून पोस्टर लावले, त्याच वर्षी धातुउद्योगात ४५ तासांचा करार झाला आणि १९६७ पर्यंत तो उद्योग ४० तासांवर आला. ज्या काळाला आपण जर्मनीचा आर्थिक चमत्कार म्हणतो त्याच काळात तास घटत होते. त्या चमत्कारामागे चलन सुधारणा होती, नवी यंत्रे होती आणि पूर्वेकडून आलेल्या लाखो निर्वासितांचे कसब होते.

जपानी लोक मात्र खरोखर फार तास काम करत, हे मान्य करायला हवे. तरीही त्यांच्या कारखान्यांनी जग जिंकले ते १९५० मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी शिकवलेल्या संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाच्या आणि टोयोटाने बसवलेल्या उत्पादन पद्धतीच्या जोरावर. तासांच्या हव्यासातून त्या देशाला अतिकामाने होणाऱ्या मृत्यूंसाठी ‘करोशी’ हा शब्द घडवावा लागला आणि २०१८ मध्ये ओव्हरटाइमवर कायद्याने मर्यादा घालावी लागली. दरताशी उत्पादकतेत जपान कित्येक दशके जी-सात या प्रगत देशांच्या गटात तळाशी आहे.

‘जास्त तास म्हणजे निदान जास्त माल तरी’ हे तरी खरे आहे का? पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांतील कामगारांच्या तासांची आणि उत्पादनाची नोंद एका सरकारी समितीने ठेवली होती. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कॅव्हल यांनी शंभर वर्षांनी ती पुन्हा तपासली. आठवड्याला ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते, त्यापुढे वाढीचा वेग मंदावत गेला आणि ७० तासांचे उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसे वेगळे नव्हते. वरचे १४ तास जवळजवळ फुकट गेले, आणि तेही युद्ध डोक्यावर असताना, जेव्हा कामगारांच्या देशप्रेमाविषयी कोणी शंका घेतली नसती.

आता एका कारखान्यातला, मुद्दाम सोपा केलेला हिशेब पाहू. आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटे. त्यातली ९० मिनिटे मशीनमधला साचा, म्हणजे डाय, बदलून सेटिंग लावण्यात आणि ४० मिनिटे माल येण्याची वाट पाहण्यात जातात. उरलेल्या ३५० मिनिटांत १५० नग निघतात आणि त्यांतले ९ रिजेक्ट होतात. हाती १४१ चांगले नग, म्हणजे ताशी साडेसतरा. मालकाने याच पद्धतीने दोन तास ओव्हरटाइम लावला तर नग सुमारे १७६ होतील, पण ताशी आकडा तोच राहील, आणि कायद्याप्रमाणे ओव्हरटाइमची मजुरी दुप्पट असल्याने मजुरीच्या प्रत्येक रुपयामागे निघणारे नग कमी होतील. त्याऐवजी पुढची डाय मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर तयार ठेवून सेटिंग ३० मिनिटांवर आणले, तर त्याच आठ तासांत १६५ चांगले नग निघतात, ताशी साडेवीस. टोयोटाने एका मोठ्या प्रेसची डाय बदलायला लागणारा वेळ चार तासांवरून तीन मिनिटांवर आणला होता तो याच वाटेने.

ठरावीक पगारावर चालणाऱ्या ऑफिसात मात्र ७० तासांचा सल्ला ‘यशस्वी’ दिसू शकतो, कारण तिथे भागाकार तासांनी न करता माणसांच्या संख्येने केला जातो. तेवढ्याच पगारात माणूस दीडपट वेळ बसला की थोडेफार काम वाढते, दरडोई महसूल वाढलेला दिसतो आणि अहवालात उत्पादकता सुधारल्याचे लिहिता येते; वाढीव तासांची किंमत कर्मचाऱ्याच्या घराने मोजलेली असते, ती ताळेबंदात येत नाही. शिवाय साहेब निघेपर्यंत जागेवर दिसणे हाच निकष असेल, तर हुशार माणूस दुपारी संपणारे काम संध्याकाळपर्यंत पुरवून खायला लवकरच शिकतो. त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. तो मोजपट्टीप्रमाणे वागतो आहे.

उत्पादकता कशाने वाढते याचा एक चांगला प्रयोग महाराष्ट्राच्या उंबरठ्यावरच झालेला आहे. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८च्या सुमारास तारापूर आणि उंबरगाव इथल्या कापड गिरण्यांपैकी काही निवडून त्यांना व्यवस्थापनाचा सल्ला फुकट पुरवला. गिरण्यांत सुताचा साठा नोंदीविना पडलेला असे, माग बंद पडल्यावरच दुरुस्ती होई आणि कापडातले दोष कुठल्या मागावर निघतात याचा पत्ता नसे. सल्लागारांनी सुचवलेल्या ३८ गोष्टी साध्या होत्या: दोषांची रोजची नोंद, सुताची मांडणी, मागांची ठरलेल्या वेळी देखभाल, सकाळची छोटी बैठक. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, आणि त्यासाठी कोणाची शिफ्ट लांबवावी लागली नाही.

काही वर्षांनी संशोधक पुन्हा गेले तेव्हा अंगीकारलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या बंद पडल्या होत्या, तरी या गिरण्या इतरांच्या पुढेच होत्या. पद्धती का सुटल्या असे विचारल्यावर सर्वाधिक वेळा आलेली कारणे दोन होती: मॅनेजर बदलले, आणि संचालकांना लक्ष घालायला वेळ मिळाला नाही.