मेमरी कार्ड बिघडलंय? मग आधी फॉरमॅट मारू नका

सोलापूरची सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा उरकली की आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘कार्ड एरर दाखवतंय? घाबरू नका. खोडरबरने घासा, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, चेकडिस्क चालवा. तरी नाही जमलं तर फॉरमॅट मारून रिकव्हरी सॉफ्टवेअर लावा. शंभर टक्के फोटो परत.’ यंदा माझ्या मामेभावाने यातलं बरंचसं करून पाहिलं. कार्डात यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचे फोटो होते.

खोडरबराचं ठीक आहे, हलक्या हाताने. पण त्याआधी दुसरा कार्ड रीडर लावून बघा. कधी कधी दोष तिथेच असतो.

फ्रीजर हा जुन्या हार्डडिस्कचा नुस्खा. तिच्यात फिरणारे भाग असतात, कार्डात हलणारं काहीच नाही. बाहेर काढल्यावर दव धरेल, तेवढंच.

चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधली डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय, मात्र घातक. ती कार्डाची मांडणी दुरुस्त करते, तुमचे फोटो वाचवत नाही. आणि दुरुस्ती म्हणजे त्याच मरू घातलेल्या कार्डावर लिहिणं. सामान बाहेर काढायचं सोडून पडक्या भिंती लिंपत बसण्यातला प्रकार. भावाचं फोल्डर गेलं आणि जागी ‘सीएचके’ नावाच्या फाइली आल्या.

आता फॉरमॅट. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच मेसेज टिकून आहे. क्विक फॉरमॅटमध्ये बहुधा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, फोटो जागेवरच राहतात. चांगल्या कार्डावर चुकून फॉरमॅट झालं तर ते परत मिळतातही. पण फुल फॉरमॅट किंवा काही कॅमेऱ्यांतलं लो-लेव्हल फॉरमॅट सगळंच साफ करतं. शिवाय गरज काय? रिकव्हरी सॉफ्टवेअर फॉरमॅट न केलेलं कार्डही वाचतं. विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारलं की कॅन्सल दाबा.

मी काय करतो ते सांगतो. कार्डाची लॉकची खटकी सरकवायची आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर लावून अख्ख्या कार्डाची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, एका फाइलीत कॉम्प्युटरवर उतरवायची. ६४ जीबीचं कार्ड असेल तर तेवढी जागा मोकळी हवी. डीडीरेस्क्यू आधी धड भाग वाचून घेतं, अडलेल्या भागांकडे नंतर वळतं. मग फोटोरेक हे रिकव्हरी सॉफ्टवेअर त्या प्रतिमेवर चालवायचं, कार्डावर नाही. दोन्ही फुकट. फोटोरेक जेपीजी फाइलची सुरुवातीची खूण शोधत जातं, म्हणून फाइलींची मूळ नावं मिळत नाहीत. तुकड्यांत विखुरलेले फोटो अर्धवट निघतात.

आणि शंभर टक्के? कार्डातला कंट्रोलर, म्हणजे कारभार सांभाळणारी चिपच गेली, कार्ड कॉम्प्युटरला दिसेचना, तर कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही. डेटा रिकव्हरीच्या लॅबकडेच जावं लागतं. फोनमध्ये कार्ड ‘इंटरनल स्टोरेज’ म्हणून लावलं असेल तर ते एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक कुलूप लागलेलं असतं, फक्त त्याच फोनवर उघडतं. तो फोन रीसेट करू नका.

भावाच्या कार्डातून नंदीध्वजांचे बरेच फोटो निघाले. अक्षतांचे निम्मे राखाडी. कार्ड टाकून दे म्हटलं, तर म्हणतो, ‘चालतंय की अजून.’