बेस मधोमध ठेवा ना!

पुन्हा तेच! नागपुरातली पोरं हेडफोनवर ट्रॅक मिक्स करतात, बेसवर, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या आवाजावर, स्टिरिओ वाइडनर (आवाज डावी-उजवीकडे पसरवणारं इफेक्ट) चढवतात आणि 'काय पसरलाय बे आवाज' म्हणून खूश. मग तोच ट्रॅक मारबतीच्या मिरवणुकीत वाजतो. तिथली सिस्टीम बहुतेक वेळा मोनोच, म्हणजे डावा-उजवा मिसळून एकच आवाज. डावा-उजवा एकत्र आले की उलट्या फेजमधले आवाज, म्हणजे एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली असे, एकमेकांना खाऊन टाकतात. किक (ड्रमचा धप्प ठोका) तेवढी उरते, बेस गायब! नाचणारे थबकतात आणि बोलणी खातो बिचारा सिस्टीमवाला. अरे, साधारण १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मधोमध, म्हणजे डावी-उजवीकडे अगदी सारखंच ठेवा. हाय-हॅट (छोट्या झांजा), शेकर (खुळखुळा), पॅड (मागे लांबणारे सूर) न्या की डावी-उजवीकडे, कोण अडवतंय? फक्त ट्रॅक पाठवण्याआधी मास्टर, म्हणजे अख्खा मिक्स, मोनो करून एकदा ऐका. एक बटण दाबायला एवढं जिवावर का येतं?