बांधावर साग लावा आणि निवांत बसा

बांधावर साग लावायचा विचार आहे? जरूर लावा. वनमहोत्सवात रोप मिळेल, फोटोही निघेल. पुढचं सगळं सोपं आहे.

तोडायची घाई मात्र करू नका. पंचवीस वर्षं थांबलात, आणखी दोन-चार पावसाळे काय जड आहेत?

सातबाऱ्यावर झाडांची नोंद आजच करून घ्या. ती नसली तर समोर उभं असलेलं झाडसुद्धा साहेबांना दिसत नाही.

मोजणीचा नकाशा, हद्दीच्या खुणा, झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स. असो.

तोड परवानगी मिळाली म्हणून पेढे वाटू नका. खरी गंमत वाहतूक पासात आहे, म्हणजे लाकूड शेतातून हलवायला वनखात्याचा जो परवाना लागतो त्यात. आमची लाकडं यंदा तोडून वावरातच पडली होती. प्रत्येक नगावर नंबर, थुटावर हातोड्याचा ठसा, यादीत लांबी-गोलाई, सगळं रीतसर. फक्त पास निघायचा होता. साहेब ट्रेनिंगला गेले. आले ते बदली घेऊनच. नवे साहेब ‘बघतो’ म्हणाले, आणि ते बघेपर्यंत पाऊस आला. पावसानं नंबर धुतले. मग साहेबांना आठवलं, की नंबर दिसत नाहीत, पुन्हा मोजावं लागेल! तोवर पांढरा भाग वाळवीनं खाल्ला, व्यापाऱ्यानं ठरलेला भाव मोडून इसार परत मागितला, आणि गोलाई यादीशी जुळत नाही म्हणून खुलासा कुणाला? मला! वाळवीला नोटीस काढा म्हणालो, तर हसलेसुद्धा नाहीत.

भरपाईचं नाव काढू नका. भारतीय वन अधिनियम, 1927, कलम 43 वाचा. डेपोत किंवा इतरत्र अडवून ठेवलेल्या लाकडाचं नुकसान झालं तर सरकार जबाबदार नाही. अधिकारीही नाही, त्यानं ते निष्काळजीपणे, आकसानं किंवा लबाडीनं केलं नसेल तर. माझं लाकूड तर डेपोतही नव्हतं. ते अडवलं असं कुणीच म्हणत नाही, नुसतं जाऊ दिलं नाही.

लोकसेवा हक्क कायदा आहे ना, 2015 चा? आहे की! मुदतीत काम न करणाऱ्या साहेबाला दंड 500 ते 5000 रुपये. त्यासाठी अपील, मग दुसरं अपील, मग आयोग. तेवढ्या पैशांत दाराची सागवानी चौकट तरी येते का, विचारा सुताराला.

पुरे झाली मस्करी. शेतातल्या झाडांची तोड आणि वाहतूक सोपी करा, हे राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणात 2014 सालीच लिहिलंय. तरी जून 2025 मध्ये केंद्राला शेतजमिनीवरच्या वृक्षतोडीचे आदर्श नियम राज्यांना पाठवावे लागले. मधली वर्षं काय करत होतात? माझं वीजबिल थकलं की व्याज लावता, तोडायला येता. तुमचा उशीर तेवढा फुकट? अर्जाला मुदत घाला. मुदत टळली की पास दिला असं धरा. लाकूड सडलं तर सरकारनं पैसे भरावेत, आणि ज्याच्या टेबलावर फाईल पडून होती त्याच्या पगारातून ते कापून घ्यावेत.